ध्रुवीय संशोधन मोहिमांत शाळेतील शिक्षक: त्यांचे तिथे नेमके काम काय?

उत्तररात्र

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गेली सोळा वर्षे विज्ञान आणि भूगोल शिकवते आहे. आर्क्टिक आणि अंटार्क्टिकातील संशोधन मोहिमांत शाळाशिक्षकांना सामील करून घेणाऱ्या उपक्रमांविषयी काही महिन्यांपासून वाचते आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात असा एक उपक्रम सुरू झाला, आणि पुढे २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने 'पोलरट्रेक' आकाराला आला. निवडलेला शिक्षक काही आठवडे संशोधकांच्या तुकडीबरोबर राहतो, त्यांच्याबरोबर काम करतो, रोजनिशी लिहितो, आणि जमेल तेव्हा वर्गाशी संपर्क साधतो, असे अशा उपक्रमांचे साधारण स्वरूप असते.

माझा प्रश्न असा आहे की, हिमसंशोधनाचे प्रशिक्षण नसलेला माणूस त्या तुकडीत नेमके काय करतो? आणि तो परतल्यावर वर्गात असे काय बदलते, जे एखाद्या उत्तम चित्रफितीने बदलले नसते? मुले हरखून जातात हे मला ठाऊक आहे. मात्र हरखणे आठवडाभर टिकते आणि मला वर्षभर शिकवायचे असते. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

लोलक

विषय आवडला. एक व्यावहारिक सूचना आधीच करून ठेवतो. अर्ज करण्याचा विचार असेल तर दंतवैद्याकडे आजच जाऊन या. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी कडक असते आणि तिच्यात दातांचीही तपासणी येते, कारण दाढ दुखू लागली म्हणून तिथून माणसाला माघारी आणणे म्हणजे हवामान निवळण्याची वाट पाहून विमान पाठवणे.

हिमरेषा

संशोधक विद्यार्थिनी म्हणून मी दोन उन्हाळे अलास्कातील टूलिक संशोधन केंद्रावर काढले. हे केंद्र ब्रुक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला टुंड्रा प्रदेशात आहे आणि तिथे १९७५ पासून काम चालते. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या चौघांच्या तुकडीत एक शाळाशिक्षक होते. 'नेमके काय करतो' याचे उत्तर एका दिवसाच्या कामातूनच सांगते.

उन्हाळ्यात टुंड्राची वरची माती वितळते आणि तिच्याखाली कायम गोठलेली जमीन असते. वितळलेला थर किती खोल आहे, हे मोजायला फार मोठे यंत्र लागत नाही. वर आडवी मूठ असलेली, सेंटिमीटरच्या खुणा केलेली पोलादी सळई जमिनीत दाबत न्यायची आणि ती अडेल तिथला आकडा वाचायचा. मात्र सळई दगडावर अडली आहे की गोठलेल्या मातीवर, हे हाताला कळावे लागते. दगडावर ती खणकन वाजते आणि किंचित घसरते. गोठलेल्या मातीवर दबका आवाज होतो आणि ती जागच्या जागी थांबते. मोजणारा मोठ्याने म्हणतो, "सदतीस." वही धरणारा ते परत म्हणतो, "सदतीस," आणि मगच लिहितो, तेही पेन्सिलीने, कारण ओलाव्यात शाईचा भरवसा नसतो. डोक्याभोवती डासांचे थवे आणि पायाखाली डुगडुगणारे गवताचे गड्डे, अशा स्थितीत दिवसभरात असे शेकडो बिंदू मोजायचे असतात.

पहिल्या सकाळी आमच्या शिक्षकांनी दोनदा दगडालाच गोठलेली जमीन समजून आकडा सांगितला. तिसऱ्या वेळी ते स्वतःच थांबले, सळई वर काढली, वीतभर बाजूला पुन्हा घातली आणि म्हणाले, "आधीचा खोडा." आमच्या वहीत खोडणे म्हणजे आकड्यावरून एकच आडवी रेघ मारणे, जुना आकडा पुढेही वाचता आला पाहिजे, असा नियम होता. त्या रात्री (तिथे तेव्हा सूर्य मावळतच नव्हता, पण घड्याळाप्रमाणे रात्रच होती) त्यांनी आपल्या वर्गाला जे छायाचित्र पाठवले ते हिमशिखरांचे नव्हते, हरणांचेही नव्हते, त्या खोडलेल्या आकड्याचे होते. खाली त्यांनी विचारले होते, "हा आकडा रबराने पुसून का टाकला नसेल?" त्यांच्या मुलांकडून आलेली उत्तरे आम्ही जेवणाच्या तंबूत मोठ्याने वाचली, आणि मला माझी स्वतःची शालेय प्रयोगवही आठवली, जिच्यात एकही खोडलेला आकडा नव्हता, कारण खोडले की गुण कापले जात.

ताळेबंद

हिमरेषा यांचा प्रतिसाद सुंदर आहे, तरीही मी मतभेद नोंदवतो. माझा संबंध मोहिमांच्या सामानसुमानाच्या नियोजनाशी आला आहे. ध्रुवीय केंद्रावर खाट, विमानातील जागा, इंधन आणि गरम पाणी यांतले काहीही अमर्याद नसते. दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट केंद्र सुमारे २,८३५ मीटर उंचीवर आहे आणि तिथे पोहोचणारी प्रत्येक वस्तू विमानाने न्यावी लागते किंवा बर्फावरून ओढत न्यावी लागते. शिक्षकाला दिलेली जागा कोणा ना कोणाची असते, आणि बहुधा ती एखाद्या तरुण संशोधकाची असते.

दुसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे आलेले प्रस्ताव दोन निकषांवर तपासले जातात. एक त्यातील ज्ञानाचे मोल आणि दुसरा समाजावरचा व्यापक परिणाम. शिक्षकाला बरोबर नेले की दुसऱ्या निकषाखाली लिहायला चांगला मजकूर मिळतो. मी एक तुकडी अशी पाहिली आहे, जिने शिक्षकाला तीन आठवडे केवळ छायाचित्रे काढायला आणि भांडी घासायला ठेवले. तो माणूस अतिशय सज्जन होता. परतताना विमानात त्याने मला विचारले, "आम्ही नक्की काय मोजत होतो?" तुकडीतल्या कोणीही त्याला ते नीट समजावले नव्हते.

दीर्घिका

@ताळेबंद, तुम्ही सांगितलेला प्रसंग वाचून वाईट वाटले. परंतु दोष शिक्षकाला नेण्यात नव्हता, नेऊन त्याला कामाबाहेर ठेवण्यात होता.

मी आइसक्यूब या वेधशाळेच्या माहितीवर काम करते; ती न्यूट्रिनो, म्हणजे बहुतेक पदार्थांतून न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, टिपते. स्वतः ध्रुवावर गेलेली नाही, पण आमच्या गटाबरोबर एक शिक्षिका जाऊन आल्या आहेत. ज्यांना हा प्रकल्प ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात गरम पाण्याने सुमारे अडीच किलोमीटर खोल अशी ८६ छिद्रे पाडून, १,४५० ते २,४५० मीटर खोलीदरम्यान ५,१६० प्रकाशसंवेदक सोडले आहेत. हे काम डिसेंबर २०१० मध्ये पूर्ण झाले. एक घन किलोमीटर बर्फ हाच तिथला शोधक आहे. न्यूट्रिनो क्वचित बर्फातील अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून निघालेल्या कणांमुळे निळसर प्रकाश उमटतो आणि तो संवेदकांना दिसतो.

निघण्यापूर्वीच्या बैठकीत त्या शिक्षिकेने विचारले, "प्रकाश त्या बर्फातून किती लांब जातो, हे तुम्हाला कसे कळले?" आम्ही सवयीने म्हणालो, बर्फ अतिशय पारदर्शक आहे. त्या म्हणाल्या, "माझी मुले विचारतील की, बर्फ तर पांढरा दिसतो, मग पारदर्शक कसा?" तेव्हा आम्हाला मुळापासून सांगावे लागले. वरच्या थरांतील बर्फात हवेचे बुडबुडे असतात, ते प्रकाश विखुरतात म्हणून बर्फ पांढरा दिसतो. खोल गेल्यावर दाबामुळे ती हवा बर्फाच्याच स्फटिकरचनेत सामावून जाते आणि बुडबुडे उरत नाहीत. तरीही जुन्या काळी वाऱ्याने आलेल्या धुळीचे थर बर्फात आहेतच, आणि दोन हजार मीटरच्या आसपास एक थर चांगलाच गढूळ आहे. हे कळले कसे? संवेदकांमध्येच छोटे दिवे बसवलेले आहेत. एक दिवा लुकलुकवायचा आणि शेजारच्या संवेदकांना तो किती आणि किती उशिरा दिसतो, ते पाहायचे.

त्या दिवसापासून आमच्या गटात नव्या विद्यार्थ्याला हा विषय समजावताना आम्ही त्या शिक्षिकेच्या प्रश्नांच्या क्रमानेच जातो. म्हणजे त्या ध्रुवावर पोहोचण्याआधीच त्यांनी आम्हाला काहीतरी दिले होते. तरुण संशोधकाच्या जागेचा हिशेब मांडताना हेही जमेच्या बाजूला धरावे.

शिडाची होडी

मी भूगोलाचा शिक्षक आहे आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाला प्रवासी जहाजातून जाऊन आलो आहे. शिक्षकांना अशा जहाजांवर नेण्याच्या योजनाही आहेत आणि त्या मी कमी लेखत नाही. पण फरक सांगितला पाहिजे. मला जे दिसले ते सर्व आधीच कोणीतरी समजून घेतलेले होते. मार्गदर्शक सांगत होते आणि मी टिपून घेत होतो. तिथे एकही प्रश्न असा नव्हता, ज्याचे उत्तर जहाजावर कोणालाच माहीत नव्हते. हिमरेषा यांच्या सळईच्या टोकाशी असा प्रश्न होता. परत आल्यावर मी वर्गात पेंग्विनवर चांगले पाच तास घेतले आणि सहाव्या तासाला माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरले नाही.

वर्षाव

मी इथे विद्यार्थिनी म्हणून लिहिते. मी आठवीत असताना आमच्या विज्ञानाच्या बाई आर्क्टिकमधील एका हवामान-प्रकल्पावर महिनाभर गेल्या होत्या. त्यांनी पाठवलेली छायाचित्रे आज मला एकही आठवत नाही. आठवतो तो त्या परत आल्यानंतरचा एक तास.

त्यांनी फळ्यावर तापमानाचा आलेख काढला. रेषा डावीकडून चढत-उतरत आली आणि मध्येच तुटली. मग वीतभर जागा कोरी, आणि पुढे रेषा पुन्हा सुरू. आमच्यातल्या एकाने उठून खडूने ती दोन टोके जोडली, कारण आलेख अपुरा राहिला आहे असे त्याला वाटले. बाईंनी तो जोड हाताने पुसला. म्हणाल्या, "या नऊ दिवसांत यंत्राच्या तारेवर बर्फ साचला होता आणि वादळामुळे आम्हाला तंबूबाहेर पडता आले नाही. मी तिथेच होते, गारठले होते, तरीही त्या दिवसांचे तापमान मला माहीत नाही. जे मला माहीत नाही ते तू कसे काढलेस?"

तो संपूर्ण तास त्या कोऱ्या जागेवर चालला. रेषा जोडली तर काय बिघडते? जवळच्या दुसऱ्या केंद्राची नोंद वापरता येईल का? वापरली तर तसे कुठे लिहायचे? मी आज आरोग्य-आकडेवारीच्या क्षेत्रात आहे आणि गहाळ नोंदींचे काय करायचे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. चित्रफितीत हे आले नसते, असे माझे ठाम मत आहे. चित्रफीत करणाऱ्याने ते नऊ दिवस कापून टाकले असते.

ताळेबंद

@वर्षाव, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. जागेचा प्रश्न मी मागे घेत नाही, परंतु शिक्षक गेला तर त्याने वादळात अडकावे इतके दिवस तरी तिथे राहावे, हे मला पटले. तीन दिवसांची धावती भेट असेल तर ती जागा संशोधकालाच द्यावी.

जोडरस्ता

ताळेबंद यांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. मी मैत्री केंद्रावर तांत्रिक कर्मचारी म्हणून एक हिवाळा काढला आहे. मैत्री हे शिर्माखर टेकड्यांच्या खडकाळ प्रदेशात १९८९ पासून उभे असलेले आपले अंटार्क्टिकातील केंद्र. हिमवादळात तिथे एका इमारतीतून दुसरीकडे जाताना बांधलेला दोर धरून चालावे लागते. हातमोज्यातला दोर दिसत नाही, फक्त जाणवतो. अशा दिवसांत वैज्ञानिक काय करतात? वाट पाहतात, जुन्या नोंदी तपासतात, यंत्र उघडून साफ करतात, आणि वाऱ्याचा जोर कमी होताच, मग पहाटेचे तीन का वाजलेले असेनात, बाहेर पडतात. विज्ञानातला हा वाट पाहण्याचा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळलेला नाही.

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया अंटार्क्टिकाला गेल्या. समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता जादवपूर विद्यापीठात शिकवत असत. म्हणजे शिकवणारी व्यक्ती आपल्या मोहिमांना नवी नाही. विद्यापीठातील प्राध्यापक जातात, ते संशोधक म्हणून जातात. शाळेतील शिक्षक शिक्षक म्हणूनच जावा, ही कल्पना मात्र आपल्याकडे अधिक गांभीर्याने घेतली जावी असे मला मनापासून वाटते.

लोलक

जोडरस्ता, तिथून वर्गाशी थेट दृक्-संवाद शक्य असतो का? पालकांना बहुधा तेच हवे असते.

जोडरस्ता

केंद्राकेंद्रावर अवलंबून आहे. उपग्रहाची जोडणी असली तरी तिच्यावर संशोधनाच्या माहितीचा पहिला हक्क असतो. आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुन्द येथे, जिथे २००८ पासून आपले हिमाद्री केंद्र आहे, तिथे तर रेडिओ-शांतता पाळली जाते. अतिदूरच्या खगोलीय स्रोतांकडून येणारे अतिक्षीण रेडिओसंकेत तिथली वेधशाळा टिपते, त्यात व्यत्यय येऊ नये म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. शिक्षकाने मुलांना पत्र लिहिण्याची तयारी ठेवावी. माझ्या मते पत्रच बरे, कारण ते लिहिण्यापूर्वी दिवसभर काय झाले याचा विचार करावा लागतो.

तुती

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली, ती मांडते. अंटार्क्टिकात मूळ रहिवासी नाहीत. आर्क्टिकमध्ये सुमारे चाळीस लाख माणसे राहतात आणि त्यांत तिथले मूळ समाज आहेत. तिथे शाळा आहेत, शिक्षक आहेत. बाहेरून आलेल्या शिक्षकाने फक्त संशोधकांच्या तंबूत राहून परतणे मला अपुरे वाटते.

याचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. १९७० च्या दशकात अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील बोहेड देवमाशांची संख्या फारच घटली आहे, असे वैज्ञानिकांच्या मोजणीतून दिसले आणि १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने इन्युपियात लोकांच्या पारंपरिक शिकारीवर बंदी आणली. मोजणी बर्फाच्या कडेवर बसून, उघड्या पाण्यातून जाणारे देवमासे डोळ्यांनी मोजून केलेली होती. शिकारी सांगत होते की, बरेच देवमासे बर्फाखालून, किनाऱ्यापासून दूरवरून जातात आणि ते तुम्हाला दिसतच नाहीत. पुढे पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून मोजणी केली, तेव्हा शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले आणि संख्येचा अंदाज बराच वर गेला.

वर्षाव यांच्या आलेखातली कोरी जागा निदान दिसत तरी होती. इथे न मोजलेले देवमासे कोणत्याही आलेखात कोरी जागा सोडून गेले नव्हते. ती उणीव दाखवली ती तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांनी. म्हणून आर्क्टिकला जाणाऱ्या शिक्षकाने तिथल्या एका शाळेत बसावे, आणि बोलण्यापेक्षा ऐकावे.

दीर्घिका

तुती, हा मुद्दा मनापासून पटला. आमच्या विषयात मोजणारा आणि मोजले जाणारे यांच्यामध्ये कोणी माणूस नसतो, त्यामुळे ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती.

कोनमापक

शिक्षकांसाठी एक जुना प्रयोग सांगतो. पॉल सिपल १९२८ मध्ये अमेरिकी ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत बालवीर म्हणून निवडला गेला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. पुढे तो वैज्ञानिक झाला, आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि चार्ल्स पॅसेल याने अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या एका लहान नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर टांगले. निरनिराळ्या तापमानांत आणि वाऱ्यांत ते पाणी गोठायला किती वेळ लागतो, हे मोजले. वाऱ्यामुळे थंडी अधिक का बोचते, याचे पहिले आकडे त्यातून आले. आज ते सूत्र सुधारलेले आहे. तरी नळकांडे, पाणी, घड्याळ आणि तापमापक एवढ्या साधनांत एक खरा प्रश्न सोडवता आला, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. कोमट पाणी आणि पंखा घेऊन, गोठण्याऐवजी थंड होण्याचा वेळ मोजून, हाच प्रयोग कुठल्याही वर्गात करता येतो.

उत्तररात्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा मला वाटत होते की, कोणीतरी मुलांच्या वाढलेल्या गुणांविषयी किंवा विज्ञानाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांविषयी सांगेल. त्याऐवजी मला एक खोडलेला आकडा, एक कोरी जागा आणि न दिसलेले देवमासे मिळाले, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर यांतच आहे असे मला वाटते. मी सोळा वर्षे मुलांना आकडे दिले. ते आकडे कोणी, कुठे उभे राहून, कशाने मोजले हे मी स्वतःच कधी पाहिले नव्हते.

अर्ज मी करणार आहे. ताळेबंद, तुमचा आक्षेप मी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिणार आहे आणि कमी दिवसांची भेट असेल तर मला घेऊ नये, असेही. पण निवड होईल की नाही याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. शाळेच्या मागे अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात असलेली जमीन आहे. येत्या सोमवारपासून नववीची मुले दोन्हीकडे वीतभर खोलीवरच्या मातीचे तापमान रोज एकाच वेळी मोजतील. सुट्टीच्या दिवसांची जागा कोरी राहील. हिमरेषा, तुमच्या क्षेत्रवहीत रकाने कोणते असतात, ते सांगाल का?

हिमरेषा

आनंदाने. तारीख, वेळ, बिंदूचा क्रमांक, आकडा, आकाश आणि वारा, मोजणाऱ्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव. उजवीकडचा पानाचा तिसरा हिस्सा शेऱ्यासाठी मोकळा सोडा, तो नेहमी कमी पडतो. रबर वर्गातच ठेवून जा. पहिल्या आठवड्याचे पान इथे टाकलेत, तर मला पाहायला फार आवडेल.